पाइपाची गोलाई आणि दानियलनानांचं बोट

जळगावात राहून पाइपावरचा विश्वास उडालेला माणूस शोधायला निघालात तर बहुधा मी एकटाच सापडेन. आमच्याकडे शेतात पाइप, रस्त्याच्या कडेला पाइप, भंगाराच्या दुकानात पाइप. पिंप्राळ्यात आमच्या गल्लीत एकाने तर पाइपाचे तुकडे उभे करून त्यात कोरफड लावली आहे. पाइप गोल असतो, याबद्दल इथे कुणी शंका घेत नाही. मीही घेतली नव्हती. तो विश्वास गेल्या हिवाळ्यात माझ्याच दुकानाच्या फरशीवर मोडला, आणि त्या धक्क्यातून मी अजून पुरता सावरलेलो नाही. संपादकांनी धंद्यातले अनुभव लिहायला सांगितले, तेव्हा डोक्यात दुसरं काही येईचना. म्हणून तेच लिहितो.

मी सुतार. शोकेस आणि दिवाण करता करता गिटारकडे कसा वळलो ही लांबलचक गोष्ट आहे आणि ती ऐकताना माझी बायकोसुद्धा जांभया देते, म्हणून सोडून देतो. एकाने मान मोडलेली गिटार दुरुस्तीला आणली, मी ती जोडून दिली, आणि मग धुळ्यापासून भुसावळपर्यंत ज्याची ज्याची गिटार हातातून पडली तो माझा पत्ता विचारत यायला लागला. पुढे नव्याही करायला लागलो. गिटार करणारा सुतार म्हटलं की आमच्याकडे लोक आधी हसतात आणि मग विचारतात, "खुर्च्याही करता ना?" करतो. घर खुर्च्यांवरच चालतं.

आता ज्यांनी गिटार फक्त लांबून पाहिली आहे त्यांच्यासाठी थोडं सांगतो. गिटारच्या मानेवर एक कठीण लाकडाची पट्टी असते. तिच्यात आडव्या बारीक चिरा पाडून धातूचे तुकडे ठोकलेले असतात, त्यांना फ्रेट म्हणतात. वाजवणारा डाव्या हाताच्या बोटांनी तारा या पट्टीवर दाबतो. ही पट्टी वरून सपाट दिसते, पण बहुतेक गिटारींत ती सपाट नसते. मध्ये किंचित उंच आणि दोन्ही कडांना उतरलेली असते. कारण माणसाचं बोट म्हणजे काही फूटपट्टी नव्हे. ते थोडं वाकलेलंच असतं, आणि एका बोटाने सगळ्या तारा आडव्या दाबायच्या असतील तर पट्टीने बोटाशी जरा जुळवून घ्यावं लागतं.

ही गोलाई त्रिज्येने मोजतात. आठ इंची म्हणजे आठ इंच त्रिज्येचं वर्तुळ काढून त्याचा दोन बोटं रुंद तुकडा घेतला तर जेवढा बाक येईल तेवढा. बारा इंची म्हणजे त्याहून सपाट. आता हा बाक पट्टीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एकसारखा आणायचा कसा? रंधा मारून येत नाही. नुसत्या हाताने घासलं तर कुठे टेकाड होतं, कुठे खड्डा. त्यासाठी पोटाकडून खोलगट असा लाकडी ठोकळा लागतो. त्या खोलगट पोटात पॉलिशपेपर चिकटवायचा आणि पट्टीवर मागे-पुढे घासत राहायचं. ठोकळ्याची खोली पट्टीवर फुगवटा होऊन उतरते. सगळी विद्या एवढीच. ठोकळा बरोबर असला की गिटार बरोबर.

असे ठोकळे तयार मिळतात. पण ते ठरावीक मापांत येतात आणि बाहेरून मागवले तर पोचेपर्यंत गिऱ्हाईक बासरी शिकून मोकळं होतं. मग जळगावच्या माणसाने काय करावं? पाइप घ्यावा. जाड, मोठ्या पाइपाचा हातभर तुकडा घ्यायचा, त्याच्या पाठीवर पॉलिशपेपर चिकटवायचा आणि सागवानी ठोकळा त्यावर पाइपाच्या लांबीने घासत सुटायचं. ठोकळ्याचं पोट आपोआप पाइपाच्या पाठीसारखं होतं. चारशे मिलिमीटरच्या पाइपाची त्रिज्या जवळजवळ आठ इंच भरते, सहाशे तीसची बारा इंचांच्या थोडी वर. ही युक्ती मी स्वतः शोधली आणि तिचा मला फार अभिमान होता. होता असं लिहितो आहे, ते लक्षात घ्या.

या ठोकळ्यांनी मला धक्का देण्याची ती काही पहिली वेळ नव्हती. एकदा दिवाळीला माझी मोठी बहीण, आमची अक्का, धुळ्याहून आली आणि माझा आठ इंची ठोकळा गायब झाला. सगळं दुकान पालथं घातलं. बायकोवर ओरडलो, मांजरावर ओरडलो. शेवटी मागच्या अंगणात गेलो तर अक्का पाटावर बसून, पाय बादलीत बुडवून, माझ्या त्या ठोकळ्याने टाचेच्या भेगा घासत होती. 

"टाचले कसा बराबर बसस, दख," अक्का म्हणाली. "दुकानमा असा मियतस नही."

मी रागाने तो ओढून घेतला. अक्काने जाताना स्वतःसाठी एक करून घेतलाच, वर भजनी मंडळातल्या बायकांची मागणीही कळवली. खोटं कशाला बोलू, आजवर मी केलेल्या ठोकळ्यांपैकी सर्वांत जास्त टाचांसाठीच गेले आहेत.

असो. मूळ गोष्टीकडे येतो.

मला पाइपाचे तुकडे आणून देतात ते आमचे शेजारी प्रल्हादभाऊ. यावलकडचे, केळीवाल्या घरातले, पण शेती भावावर सोपवून ते पाइपाच्या एका कारखान्यात लागले आणि तपासणी विभागातून निवृत्त झाले. त्यांच्याकडे एक पोलादी टेप आहे. साधी नाही. ती पाइपाभोवती गुंडाळली की घेराचा आकडा दिसत नाही, थेट पाइपाची जाडी, म्हणजे व्यास वाचता येतो. कारखान्यात हीच पद्धत, कारण एवढा मोठा पाइप आरपार मोजायला दोन माणसं लागतात आणि तरी चूक होते. निवृत्त झाल्यावर लोक देवदर्शनाला जातात, प्रल्हादभाऊ ती टेप खिशात घालून भंगारवाल्यांकडे जातात. पाइप दिसला की गुंडाळतात, आकडा वाचतात आणि समाधानाने मान डोलावतात.

मध्यंतरी माझा जुना आठ इंची ठोकळा झिजला होता. गणपतीच्या सुमारास प्रल्हादभाऊंनी चारशेचा एक नवा तुकडा आणला. माझ्यासमोर टेप लावली.

"चारशे म्हंजे चारशे," ते म्हणाले. "मी मोजला म्हंजे तुले पुन्हा मोजायचं काम नाही."

मी मोजला नाही. त्यावर नवा ठोकळा घासला आणि त्या ठोकळ्याने पाच-सहा गिटारींचं काम केलं. सगळी गिऱ्हाइकं खूश होऊन गेली.

मग दानियलनाना आले.

साक्रीच्या पलीकडे डोंगराकडे त्यांचं गाव. मुलाच्या मोटारसायकलवर मागे बसून, गिटार खताच्या गोणीत गुंडाळून, धुळ्याला चहा घेऊन ते थेट माझ्या दारात उतरले. साठीच्या आतबाहेरचा, काटक माणूस. मुलगा पंचविशीचा, दणकट. तो गाडीवरून उतरलासुद्धा नाही. समोरच्या लिंबाखाली गाडी लावून, आमच्याकडे पाठ करून बसला. मला असली माणसं आवडत नाहीत. बाप एवढ्या लांबून आला आहे, निदान गोणी तरी आत आणून द्यावी.

नाना वर्षानुवर्षं त्यांच्या गावच्या चर्चमध्ये दर रविवारी गिटार वाजवत. त्यांनी डावा हात माझ्यासमोर टेबलावर ठेवला आणि मी बघतच राहिलो. मधल्या दोन बोटांचे शेंडे नव्हते. पहिलं बोट वाचलं होतं, पण जखम भरताना आखडून गेलं होतं. धनुकलीसारखं थोडं वाकलेलं, सरळ होतच नव्हतं.

"कडबाकुट्टीमा गयं," नाना म्हणाले. "दोन बोटं तोकडी शेत, ते जमी जाई. पण हाई पयलं बोट आडवं पडस नही. तुम्हीन पट्टी गोल करी देतस म्हने."

मी म्हटलं, करू. मला अशी कामं आवडतात. तांब्याची तार घेऊन त्यांच्या वाकड्या बोटाच्या पोटाला लावली, बाक उतरवून घेतला आणि कागदावर काढलेल्या वर्तुळांवर ठेवून पाहिला. आठ इंचांवर नेमका बसला. त्यांच्या गिटारची पट्टी जवळजवळ सपाट होती. म्हणजे फ्रेट उपटायचे, पट्टी आठ इंचांवर आणायची, नवे फ्रेट ठोकायचे. मी नानांना म्हटलं, "मुलाला आत बोलवा की. चहा घेऊ दे."

नानांनी एकदा खिडकीबाहेर पाहिलं. मग म्हणाले, "तो येस नही. कुट्टीनं बटन त्यानी दाबं व्हतं."

मला वाटलं मी नीट ऐकलं नाही. पण ऐकलं होतं. नाना कडब्याची पेंढी आत सारत होते, वीज गेली होती, ती आली का ते बघायला पोराने बटण दाबलं, आणि ती आली होती. एवढंच. कुणाचाही हात जावा असा तो क्षण होता आणि बापाचा गेला.

"तधळपाइन तो मना हातकडे दखस नही," नाना म्हणाले. "जेवाले बसना तरी मान खाले. तोबी वाजाडे. मीच शिकाडं व्हतं त्याले. त्यानी ते बी सोडी दिन्हं. मी वाजाडाले लागनू ना भाऊ, ते तो दखी."

तेव्हापासून तो हात त्या पोराने पाहिलाच नव्हता. आणि हा माणूस बोटांसाठी आला नव्हता, पोरासाठी आला होता. मी खिडकीतून बाहेर पाहिलं. तो लिंबाखाली तसाच पाठ करून बसला होता. मघाशी त्याला मनातल्या मनात काय काय बोललो होतो ते आठवून मला कसंसंच झालं. चहाचा एक कप मी स्वतः बाहेर नेऊन दिला. त्याने घेतला, पण वर पाहिलं नाही.

त्या गिटारवर मी जीव ओतून काम केलं. फ्रेट उपटताना पट्टीचा एक कपचासुद्धा उडू दिला नाही. नवा ठोकळा घेऊन पट्टी घासली, खडूने रेघा मारून पाहिल्या. ठोकळा फिरला की सगळ्या रेघा एकदम पुसल्या जात होत्या, म्हणजे ठोकळा आणि पट्टी तंतोतंत जुळले होते. ठोकळा पट्टीशी जुळला याचा अर्थ ठोकळा खरा असा होत नाही, हे तेव्हा माझ्या डोक्यात आलं नाही.

नाताळ जवळ आला तेव्हा नाना गिटार न्यायला आले. मुलगा पुन्हा लिंबाखाली. प्रल्हादभाऊही येऊन बसले होते, कारण पाइप त्यांचा. नानांनी गिटार मांडीवर घेतली, वाकडं बोट आडवं टाकलं आणि उजव्या हाताने तारा छेडल्या. कडेच्या तारा वाजल्या. मधल्या नुसत्या खट्खट् करून गप्प झाल्या.

पुन्हा केलं. पुन्हा तेच.

"मधला तारा दबतस नही भाऊ," नाना म्हणाले. तक्रार नव्हती त्यात. मला सांगताना त्यांनाच अवघडल्यासारखं झालं होतं.

मी चिडलो. मला लगेच राग येतो, हे घरचे सगळे जाणतात. मी म्हटलं, "नाना, सवय गेली आहे तुमची. बोटात जोर यायला वेळ लागेल. माप तर तुमच्यासमोर घेतलं." मग तांब्याची ती तार आणून दाखवली. प्रल्हादभाऊंनी लगेच कोपऱ्यातला पाइप ओढला, टेप गुंडाळली आणि आकडा मोठ्याने वाचला. चारशे. पुन्हा गुंडाळली. चारशे.

"मले काय शिकवता?" प्रल्हादभाऊ कुणालाच उद्देशून नसल्यासारखं म्हणाले. "सारी जिनगी हेच केलं."

 गिटार भिंतीला टेकवून नाना खुर्चीवर सरकून बसायला गेले. मध्ये तो पाइपाचा तुकडा आडवा पडला होता, त्याला त्यांनी पायाने हलकेच बाजूला सारलं.

पाइप लोळत गेला. थोडा गेला, मग जरा रेंगाळला, मग धप्प करून पुढे पडल्यासारखा झाला, पुन्हा रेंगाळला, आणि थांबून मागे-पुढे डुलायला लागला. गोल वस्तू अशी डुलत नाही. डुलून डुलून तो शांत झाला.

 मी जाऊन पाइपाला ढकललं. पुन्हा तेच. कसाही ढकला, तो त्याच बाजूवर येऊन बसे. मी दोन काटकोनी गुण्ये आणि एक पट्टी घेऊन त्याला आरपार मोजलं, आधी उभा, मग आडवा. एकीकडून जास्त, एकीकडून कमी. हाताला जाणवेल एवढा फरक. भंगारवाल्याकडे तो ढिगाच्या तळाशी पडून होता, वर इतर पाइपांचं ओझं आणि डोक्यावर आमच्या खानदेशचा वैशाख. उन्हात मऊ झाला आणि बसला. हातातलं कडं दाबून चपटं केलं तरी त्याचा घेर तेवढाच राहतो. प्रल्हादभाऊंची टेप घेर बघते. तिच्या दृष्टीने तो पाइप अजूनही चारशेचाच होता.

प्रल्हादभाऊ खाली बसले. खुर्चीवर नाही, फरशीवर. टेप त्यांच्या हातात उघडीच होती.

"कारखान्यात गोलाई वेगळी पाहत व्हतो," ते म्हणाले. "पन तो ताजा माल. बाहेर पडला तरी पाइप गोलच. भाऊ, त्यावर मी कधी इचारच नाही केला."

त्यांच्या चेहऱ्याकडे बघवत नव्हतं. मला त्यांच्यावर ओरडायचं होतं, पण कोणत्या तोंडाने? मीसुद्धा तो पाइप डोळ्यांनी पाहिलाच होता की. आपल्या गावात पाइपाकडे कोण निरखून बघतो?

चपट्या बाजूवर घासलेला ठोकळा चपटाच झाला होता. नानांची पट्टी आठ इंची नव्हती, दहाच्या पुढे कुठेतरी होती. फरक किती? लग्नपत्रिकेच्या जाड कागदाएवढा. त्या कागदाएवढ्या फरकाने त्यांच्या मधल्या तारा मुक्या झाल्या होत्या.

मग मला दुसरा धक्का बसला. त्याच ठोकळ्याने गणपतीपासून मी पाच-सहा गिटारी केल्या होत्या. नाना चहा पीत असतानाच मी एकेकाला फोन लावत सुटलो. मधल्या तारांचं काही जाणवलं का? बोटाला काही वेगळं वाटतं का? नाही. सगळं मस्त. एकाने तर विचारलं, "काका, काही ऑफर आहे का?" शेवटी धुळ्याच्या एका कापड दुकानवाल्या शेठजींना फोन केला. मूळचं राजस्थानचं घर. त्यांची मुलगी गिटारवर जीव टाकते. शेठजींनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हणजे माल खराब निघाला असं तुम्ही स्वतः सांगता? असा दुकानदार मी पहिल्यांदा बघतोय, भाऊ." तेवढ्यात मुलीने फोन हिसकावून घेतला. "काका, हात लावू नका हां तिला. एवढी छान मान मी आजपर्यंत वाजवली नाही."

मी फोन ठेवला आणि माझ्या स्टुलावर बसून राहिलो. कागदाच्या जाडीसाठी मी दिवसच्या दिवस घासतो, पॉलिशपेपर बदलतो, उजेडात धरून बघतो, घरच्यांची बोलणी खातो, आणि कुणाला कळतही नाही. मग मी घासतो कुणासाठी? खरं सांगतो, त्या क्षणी मला रडू आल्यासारखं झालं. वाईट फार वाटलं. इतक्या जणांत ते कळलं एकट्या दानियलनानांना, आणि तेही त्यांचं बोट सरळ होत नव्हतं म्हणून.

आता प्रश्न नानांच्या गिटारचा होता. पट्टी आधीच पातळ. आणखी गोल करायची म्हणजे दोन्ही कडांचं लाकूड अजून काढायचं. कडांना फ्रेटच्या चिरा उथळ होणार, आणि उथळ चिरेत फ्रेट धरत नाही. चिरा खोल करायला जावं तर चिरेखाली उरलेली पातळ पट्टी फुटायची भीती. फुटली की ती गिटार संपली. मी नानांना सगळं स्पष्ट सांगितलं. म्हटलं, दुसरी घ्या, मी तिची पट्टी पहिल्यापासून हवी तशी करून देतो.

नानांनी मान हलवली. "हाईच पाहिजे. हाई गिटारवरच तो शिकना."

 नानांना सांगितलं, नाताळच्या आदल्या दिवशी या. ते गेले. जाताना मुलाने गाडी सुरू केली आणि नाना मागे बसले. नानांनी आधारासाठी पोराच्या खांद्यावर हात ठेवला तो उजवा. डावा मांडीवर.

या वेळी पाइप नको होता. मी जुना, सगळ्यांत साधा मार्ग धरला. दोन खांबांच्या आडव्या दांडीत एक खिळा ठोकला. त्या खिळ्यावर एक फळी अशी टांगली की ती झोक्यासारखी मागे-पुढे हलेल, आणि खिळ्यापासून तिच्या तळापर्यंतचं अंतर बरोबर आठ इंच. तळाला पॉलिशपेपर. खाली सागवानी ठोकळा. फळी झुलत राहते, ठोकळा हळूहळू पुढे सरकवायचा आणि त्याचं पोट खोल होत जातं. खिळा जागचा हलत नाही आणि फळी लांब-आखूड होत नाही, त्यामुळे बाक दुसरा येऊच शकत नाही. काम फार रटाळ आहे. म्हणून तर मी पाइपाकडे वळलो होतो.

प्रल्हादभाऊ रोज येऊन ती फळी झुलवत बसायचे. मी नको म्हटलं तरी ऐकेनात. टेप त्यांनी आणली नव्हती. माप घ्यायचं तर माझ्या नातवाच्या कंपासपेटीतली पट्टी मागायचे.

"आता मी फकत खिळ्याले मानतो," एकदा ते म्हणाले, आणि मला हसू आलं. मग त्यांनाही आलं. त्या दिवसापासून आमच्यात पुन्हा नीट बोलणं सुरू झालं.

ठोकळा झाला. मी तो आरशाच्या काचेवर ठेवून, तारेशी लावून, कागदी वर्तुळाशी लावून, हरतऱ्हेने तपासला. मग नानांची पट्टी घासायला घेतली. आयुष्यात इतका घाबरत कधी हात चालवला नव्हता. दर थोड्या वेळाने थांबून चिरांमध्ये पत्र्याचा तुकडा घालून खोली बघत होतो. कडांचं लाकूड भुगा होऊन पडत होतं आणि त्यातलं काहीही परत लावता येणार नव्हतं. शेवटच्या दोन चिरा अगदी टोकाशी आल्या होत्या. एका फ्रेटला कडेला सरसाचा आधार द्यावा लागला. पण पट्टी फुटली नाही.

नाना आले ते दुपारी. थंडी होती आणि ऊन दुकानाच्या उंबऱ्यापर्यंत आलं होतं. मुलाने नेहमीप्रमाणे लिंबाखाली गाडी लावली. मी दार सताड उघडं ठेवलं. मुद्दाम, हे सांगून टाकतो.

नानांनी गिटार घेतली. बोट आडवं टाकलं. तारा छेडल्या, आणि सगळ्याच्या सगळ्या वाजल्या. मधल्याही. प्रल्हादभाऊंनी माझा दंड इतका घट्ट धरला की खूण पडली. नानांनी पुन्हा एकदा छेडलं, मग बोट दुसऱ्या फ्रेटवर नेलं, मग तिसऱ्यावर. तोकडी बोटं आपापली जागा शोधत होती, चुकत होती, परत शोधत होती. हळूहळू त्यातून एका भजनाची चाल निघायला लागली. मला ती ओळखीची नव्हती.

मग एका जागी एक तार खरखरली. नाना थांबले. पुन्हा छेडली, पुन्हा खरखर. सरसाचा आधार दिलेला तोच फ्रेट.  तो फ्रेट उचलला गेला असेल तर आता करण्यासारखं काही उरलं नव्हतं. तरीही मी कानस उचलली आणि नानांपाशी गेलो. त्यांनी तिसऱ्यांदा तार छेडली. तशीच खरखर.

"नाना," मागून आवाज आला. "पयलं बोट जरासं पुढे ल्या."

मुलगा उंबऱ्यात उभा होता. कधी आला ते आम्हा कुणालाच कळलं नाही. नानांनी बोट हलवलं नाही. ते मुलाकडे बघत राहिले, आणि मुलगा त्यांच्या हाताकडे.